दुपारी तीनच्या आत मुक्काम: सहा जणांची कॅराव्हॅन सहल, मेलबर्न ते डबो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नमधलं चौघांचं कुटुंब, मुलं नऊ आणि सहा वर्षांची, सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा. सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत दोन आठवडे कॅराव्हॅन भाड्याने घेऊन आतल्या भागातली लहान गावं बघायची आहेत. गाडी सात सीटची टोयोटा क्लुगर, आणि आजवर मागे काहीही ओढलेलं नाही. ब्रिस्बेनपर्यंत जाऊन येणं जमेल का, व्हॅन कोणती घ्यावी, आणि आई-बाबांना हे झेपेल का?

ब्रिस्बेन डोक्यातून काढून टाका. आतल्या रस्त्याने एका बाजूचंच अंतर सतराशे किलोमीटरच्या आसपास आहे. दोन आठवड्यांत ते होतं, पण मग तुम्ही गावं बघत नाही, पेट्रोल पंप बघता. डबोपर्यंत जा आणि परतीला दुसरा रस्ता धरा. एका दिवसात दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोचायचं. माझ्या उत्तरातलं बाकी सगळं या तीनच्या नियमाभोवतीच फिरतं.

मी बेंडिगोकडे एका यार्डात कॅराव्हॅन दुरुस्त करतो. सुट्ट्या संपल्यावरच्या सोमवारी आमच्याकडे ज्या व्हॅन येतात त्यांची दुखणी ठरलेली असतात: उलटी घेताना झाडाला घासलेला मागचा कोपरा, रात्रीच्या वाऱ्यात छपरावर पलटी झालेली ऑनिंग (बाजूला उघडायचं कापडी छत), वाकलेले पाय. मालकाला विचारलं की उत्तर बहुतेक एकच, पोचेपर्यंत अंधार झाला होता. अंधारात दमलेला माणूस, भुकेली मुलं आणि सात मीटरची पेटी अरुंद जागेत उलटी घालायची, यातून दुसरं काय होणार?

आता वजन, कारण तुमच्या बाबतीत खरा घोळ तिथे आहे आणि भाड्याने देणारे तो नेहमी सांगतात असं नाही. क्लुगरची ब्रेक असलेली व्हॅन ओढायची मर्यादा २००० किलो आहे. लोक तेवढाच आकडा बघतात. पण व्हॅनचा पुढचा दांडा टो-बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर व्हॅन अडकवतात त्यावर, जे वजन टाकतो, साधारण व्हॅनच्या वजनाच्या दहा टक्के, ते गाडीच्या पोटात धरलं जातं. म्हणजे गाडीला जेवढं वजन वाहायची परवानगी आहे त्यातून ते वजा होतं. चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून सव्वातीनशे-साडेतीनशे किलो झाली. १८०० किलोच्या व्हॅनचे टो-बॉलवर १८०. पाचशेचा आकडा तिथेच ओलांडला. वर टो-बार, मुलाची सीट. या वर्गातल्या बऱ्याच एसयूव्हींची एकूण वहनक्षमता सहाशे-सातशे किलोच्या घरात असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये काढून बघा आणि कागदावर बेरीज करा. शिवाय तिसरी सीट उघडली की डिकी संपली, म्हणजे सहा जणांच्या बॅगा व्हॅनमध्ये. मग व्हॅनचं वजन वाढतं.

व्हॅनच्या पाटीवर दोन आकडे असतात. टेअर म्हणजे रिकामी व्हॅन, आणि एटीएम म्हणजे भरल्यावर जास्तीत जास्त. समजा टेअर १४५० आणि एटीएम १८०० आहे. हातात ३५० किलो राहिले असं वाटतं. टेअरमध्ये टाकीतलं पाणी आणि बाटल्यांमधला गॅस बहुतेक धरलेला नसतो. ऐंशी लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १६० किलो तिथेच गेले. राहिलेल्या जागेत खुर्च्या, टेबल, दुलया, तांदूळ, कुकर, सायकली. सायकली घरी ठेवा. या रस्त्यावर रोज पाणी मिळतं, त्यामुळे चाकांच्या जवळची एकच टाकी भरून चाला. जड सामान खाली आणि चाकांच्या वर, मागच्या टोकाला कधीही नाही. शेपटी जड झालेली व्हॅन नव्वदच्या वेगाला डोलायला लागते. ती डोलली तर पायाचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि डॅशबोर्डवरच्या व्हॅन-ब्रेकच्या कंट्रोलरचं बटण दाबून फक्त व्हॅनचे ब्रेक लावा. हा कंट्रोलर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आधी बसवून घ्यावा लागतो. व्हॅन घ्यायला गेल्यावर प्लग जुळत नाही म्हणून हात हलवत परत आलेली मंडळी मी बघितली आहेत. निघाल्यावर पहिल्या दिवशीच सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी-व्हॅन तोलून घ्या. दगडखाणीत, धान्य उतरवायच्या ठिकाणी आणि मोठ्या ट्रक-थांब्यांवर काटे असतात.

या हिशेबात बसणारी व्हॅन म्हणजे छप्पर वर उचलून दोन्ही टोकांना बिछाने बाहेर उघडणारी हलकी व्हॅन. मुलांसाठी बंक असलेल्या मोठ्या व्हॅन दिसायला सुरेख, पण त्या बहुतेक दोन टनांच्या पुढे जातात आणि तुमच्या गाडीच्या नाहीत. एवढंच की उघडणाऱ्या टोकांना कॅनव्हास असतो आणि सप्टेंबरात आतल्या भागात रात्री चांगल्या गारठ्याच्या असतात, क्वचित दंव गोठतंही. जाड दुलई आणि विजेचा छोटा हीटर हवाच.

आणि आई-बाबांना व्हॅनमध्ये झोपवू नका. गावोगावच्या कॅराव्हॅन पार्कांत केबिन असतात, स्वतःचं बाथरूम, हीटर आणि छोटं स्वयंपाकघर असलेल्या. शेजारीच तुमची जागा घ्या. व्हॅनची पायरी उंच असते, रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाने थंडीत टॉर्च घेऊन सार्वजनिक बाथरूमपर्यंत चालत जाणं काही गमतीचं नाही. खर्च वाढेल हे खरं, पण केबिनमुळे स्वयंपाकाचाही प्रश्न सुटतो. व्हॅनमध्ये तुमच्या उशाशी धुराचा अलार्म असतो. मोहरी तडतडून त्यात हिंग-मिरची पडली की तो कोकलायला लागतो, आणि फोडणीचा वास पडद्यांत आणि गाद्यांत आठवडाभर राहतो. काही कंपन्या त्याचे साफसफाईचे पैसे कापून घेतात. फोडणी बाहेर करा, नाहीतर पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात. तिथे फक्त कुकरची पहिली शिटी व्हायच्या आधी शेजारच्याला सांगून ठेवा. प्रेशर कुकर कधीच न पाहिलेली माणसं खरंच दचकतात, आणि मग गप्पा सुरू होतात.

रस्त्याबद्दल. तुमचा मुख्य रस्ता न्यूवेल हायवे, आणि तो ट्रकवाल्यांचा आहे. दोन ट्रेलरचे बी-डबल सतत जात असतात. मोठा ट्रक बाजूने गेला की हवा आधी व्हॅनला ढकलते आणि मग ओढते, स्टिअरिंग शांतपणे सरळ धरून राहायचं. शक्य असेल तर यूएचएफ रेडिओ घ्या. चॅनल ४० वर ट्रकवाले बोलतात, १८ वर कॅराव्हॅनवाले. मागे ट्रक अडकला असेल तर 'पुढे रस्ता मोकळा आहे' एवढं सांगितलं की तो खूश. ओव्हरटेकिंग लेन आली की डावीकडेच राहा आणि वेग वाढवू नका. एरवी ऐंशीने जाणारे कॅराव्हॅनवाले नेमके तिथेच शंभरला का पोचतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. एक नियम नव्या लोकांना माहीत नसतो: गाडी आणि व्हॅन मिळून साडेसात मीटरच्या वर गेली की गावाबाहेरच्या एकपदरी रस्त्यावर पुढच्या तेवढ्याच लांब वाहनापासून ६० मीटर अंतर ठेवावं लागतं. कांगारू पहाटे आणि सांजेला रस्त्यावर येतात. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक, स्टिअरिंग फिरवायचं नाही. व्हॅन मागे असताना वळवून वाचवायला जाल तर सगळेच उलटाल. तीनच्या आत पोचणाऱ्याला कांगारू बहुतेक मैदानात चरतानाच दिसतात.

उलटं घेण्याचा सराव रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये करून जा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात डावीकडे नेला की व्हॅनचं मागचं टोक डावीकडे जातं, उजवीकडे नेला की उजवीकडे. बायको किंवा नवरा मागे उभं राहून दिशा सांगणार असेल तर उजव्या आरशात दिसेल असं उभं राहायचं आणि फोन स्पीकरवर चालू ठेवायचा. हातवाऱ्यांवरून झालेली भांडणं सगळ्या पार्काला ऐकू जातात. जागेवर आलात की आधी डावं-उजवं समतल करा, खालच्या बाजूच्या चाकाखाली उतरती फळी घालून. मग चाकांना अडण्या, मग गाडी सोडवायची, मग पुढचं छोटं चाक फिरवून पुढचं-मागचं समतल. चार कोपऱ्यांचे पाय सगळ्यात शेवटी. ते व्हॅन डगमगू नये म्हणून असतात, उचलायला नाहीत. त्यांच्यावर व्हॅन उचलणाऱ्यांमुळेच आमचा धंदा चालतो. विजेची १५ अँपिअरची केबल पूर्ण उलगडून टाका, गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते. आणि झोपायला जाताना ऑनिंग गुंडाळा, आकाश कितीही निरभ्र असलं तरी.

आता गावं. बेंडिगोबद्दल मी बोललो तर पक्षपात होईल, म्हणून एवढंच: सोन्याच्या खाणीत खाली जाता येतं, जुनी ट्राम आहे, पहिला दिवस मेलबर्नपासून दीडशे किलोमीटरचा होतो. दुसरा टप्पा एचुका, मरी नदीवर, आणि तिथे दोन रात्री राहा. एकेकाळी आतल्या भागातली लोकर इथे नदीतून यायची आणि रेल्वेने मेलबर्नला जायची. तो धक्का रेड गम नावाच्या निलगिरीच्या अवाढव्य ओंडक्यांचा आहे आणि त्याच्याशी अजून वाफेवरच्या चाकांच्या बोटी लागतात. त्यांतली 'ॲडलेड' १८६६ सालची. बोटीत बसलात तर बाबांना इंजिनाच्या बाजूला उभं करा, भट्टीत लाकूड टाकणारा माणूस आणि लखलखीत दांडे तिथूनच दिसतात. मासेमारी करायची असेल तर परवाना न्यू साउथ वेल्सचा लागतो. उभे व्हिक्टोरियात असलात तरी इथलं पात्र त्यांचं आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, ग्रँड फायनल असते आणि आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरियात सुट्टी. त्या आठवडाअखेरीला एचुकात जागा मिळणार नाही, म्हणून तिथलं बुकिंग आजच करा.

नदी ओलांडली की डेनिलिक्विन. सपाट जमीन, कालवे, भातशेतीचा मुलूख. सप्टेंबरात मात्र भात दिसणार नाही, पेरणी त्यानंतर होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या लाँग वीकेंडला इथे यूट (मागे उघडा हौदा असलेल्या) गाड्यांचा मोठा मेळा भरतो, ते दिवस टाळा. पुढे जेरिल्डेरी जेवणापुरतं. १८७९ च्या फेब्रुवारीत नेड केलीच्या टोळीने इथल्या पोलिसांना त्यांच्याच कोठडीत डांबलं, त्यांचेच गणवेश चढवून गावात फिरले आणि बँक लुटली. त्याच सुमाराला केलीने आपली बाजू मांडणारं लांबलचक पत्र सांगून लिहवून घेतलं, ते आज मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत आहे. मुलांना तो दरोडेखोर म्हणून सांगायचा की बंडखोर म्हणून, यावर इथले लोक अजून वाद घालतात. नॅरँडेरात मरम्बिजी नदीच्या काठच्या राखीव रानात कोआला मोकळे राहतात. कुठल्या झाडांवर दिसले ते माहिती केंद्रात विचारून जा, नाहीतर तासभर माना वर करून हात हलवत परत याल.

सप्टेंबरात वाटेवरची कनोलाची (मोहरीच्या जातीचं तेलबी) शेतं पिवळीधमक झालेली असतात. फोटो कुंपणाबाहेरून काढा. बुटांना चिकटून तणाचं बी आणि रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात, आणि कुणाच्या उभ्या पिकात शिरणं तसंही बरं नव्हे.

पार्क्सला मात्र अर्धा दिवस काढाच. गावाच्या उत्तरेला, मेंढ्यांच्या माळावर, ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी आहे, १९६१ पासून. १९६९ मध्ये चंद्रावरून आलेली टीव्हीची चित्रं जगापर्यंत पोचवण्यात तिचा मोठा वाटा होता. २०२० मध्ये तिला इथल्या मूळ रहिवाशांच्या विराजुरी भाषेतलं मरियांग हे नाव देण्यात आलं. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात, ते ऐका. बाबा पुण्याचे म्हणजे नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्यांना ठाऊक असणार, ४५ मीटरच्या तीस तबकड्यांची. त्यांना हे सांगा: जीएमआरटी उभी करणारे गोविंद स्वरूप १९५३ मध्ये तरुणपणी ही दुर्बीण चालवणाऱ्या ऑस्ट्रेलियन विज्ञान संस्थेत, सीएसआयआरओत, शिकायला आले होते आणि सिडनीच्या पॉट्स हिलला सूर्याचा अभ्यास करणाऱ्या छोट्या तबकड्यांवर काम करत होते. त्यांतल्या बत्तीस तबकड्या पुढे भारताला मिळाल्या, आणि १९६५ मध्ये त्या बसवल्या गेल्या त्या आपल्या कल्याणला. रेडिओ खगोलशास्त्रात भारताने टाकलेलं हे सुरुवातीचं पाऊल. त्या माळावर उभं राहून ही गोष्ट ऐकायला निवृत्त पुणेकराला आवडणार नाही असं होणं शक्य नाही.

डबोला तीन रात्री. तिथलं वेस्टर्न प्लेन्स झू १९७७ चं, आवार इतकं मोठं की आतल्या सहा किलोमीटरच्या वळशावर स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं. व्हॅन पार्कवर सोडून जा. आई-बाबा सोबत असताना मी मोटरहोमऐवजी कॅराव्हॅन सुचवतो ते याचसाठी, घर जागेवर राहतं आणि गाडी मोकळी होते. डबोच्या वर नॅराब्राय-मोरीकडे कापसाचा काळ्या मातीचा पट्टा सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ती माती ओळखीची वाटेल, आणि पावसानंतर तिच्यात डांबरी रस्ता सोडून चाक घालायचं नसतं हेही. तो भाग पुढच्या खेपेला.

परत येताना कनौंड्रा आणि काउरा करा. कनौंड्रात १९५० च्या दशकात रस्त्याचं काम चालू असताना एक शिळा निघाली, तिच्यावर छत्तीस कोटी वर्षांपूर्वीचे मासे एकमेकांवर पडलेले. संग्रहालय लहान आहे पण सहा वर्षांच्या मुलाला त्यात तासभर कमी पडतो. काउरात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी कैद्यांची छावणी होती; ५ ऑगस्ट १९४४ च्या पहाटे हजाराहून अधिक कैद्यांनी कुंपण तोडलं, दोनशेहून जास्त मेले, चार ऑस्ट्रेलियन सैनिकही. गावाने त्यांची दफनभूमी सांभाळली आणि १९७९ मध्ये जपानी बाग उघडली. सप्टेंबरअखेर तिथे चेरी फुललेली असते. पुढे गंडगाय, ऑल्बरी, बीचवर्थ. शेवटचा टप्पा तेवढा अडीचशेच्या वर जातो, पण बहुतेक फ्रीवे आहे.

गावं वारानुसार ठरवा, अंतरानुसार नाही. लहान गावात शनिवारी दुपारी बरीचशी दुकानं बंद होतात, ती सोमवारपर्यंत. स्थानिक संग्रहालयं स्वयंसेवक चालवतात, आठवड्यातून दोन-तीन दिवस, काही तासच. बेकरी पहाटे उघडते आणि दुपारी आवरते. पबचं स्वयंपाकघर आठच्या सुमाराला बंद होतं. साडेआठला पोचलात तर चिप्सची पाकिटं मिळतील. शाकाहारी माणसाचं फार अडत नाही. बेकरीत पालक-फेटाचा रोल असतो, गावच्या क्लबातल्या खानावळीत चायनीज असतं. व्हॅनिला स्लाइस खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका, पण कस्टर्डात काही ठिकाणी जिलेटिन असतं, आई कडक शाकाहारी असतील तर विचारून घ्या. डाळ, पोहे, मसाले मेलबर्नहून न्या. हिरवी मिरची आणि कोथिंबीर मोठ्या गावात दिसली की घेऊन टाका.

आई-बाबांचा आरोग्यविमा निघायच्या आधी तपासा. भारताशी मेडिकेअरचा (इथल्या सरकारी आरोग्ययोजनेचा) परस्पर करार नाही, त्यामुळे हॉस्पिटलचं बिल पूर्ण तुमच्यावर येईल. औषधं पुरेशी, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. फोनमध्ये 'इमर्जन्सी प्लस' ॲप टाका. आणीबाणीत ०००ला फोन करताना तुम्ही नेमके कुठे आहात ते त्यावर दिसतं. टेल्स्ट्राचं नेटवर्क गावांच्या मधल्या पट्ट्यात इतरांपेक्षा टिकतं, तरी नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. बाबांना कंटाळा येईल ही काळजी सोडा. मुख्य रस्त्यावरच्या बाकावर पाच मिनिटं बसले की कुणीतरी शेजारी येऊन कुठून आलात विचारतं, आणि पाऊस यंदा कसा आहे हा विषय नगर जिल्ह्यातल्या माणसाइतकाच इथल्या माणसालाही पुरतो.

बुकिंगचं शेवटचं. एचुका आणि डबो आत्ताच पक्कं करा, बाकी गावांना दोन-तीन दिवस आधी फोन पुरतो. स्वस्त म्हणून शोग्राउंडवर उतरायचा बेत असेल तर त्या आठवड्यात तिथे शेतकी प्रदर्शन नाही ना हे विचारा, वसंतात ती भरतात आणि मैदान कॅराव्हॅनना बंद असतं. आणि प्रत्येक फोनवर एक गोष्ट मागून घ्या: ड्राइव्ह-थ्रू जागा, एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी. पहिले तीन-चार मुक्काम तसे मिळाले तर उलटं घेण्याची वेळ येईपर्यंत व्हॅनचा हात बसलेला असेल.